औषध ‘घेतलं’ की औषध ‘लागलं’?



पऱ्हाटीला पात्या-फुलं धरली की आम्ही कृषी खात्याची माणसं गावोगाव एकच पाढा म्हणत फिरतो. मास्क बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नका, उपाशीपोटी पंप पाठीवर घेऊ नका, दोन औषधं मनाने एकत्र करू नका. हा पाढा मी गेली दहा-बारा वर्षं म्हणतो आहे. तुम्हीही तो ऐकून ऐकून कंटाळला असाल. पण एवढं सांगत असताना एक गोष्ट मी कधीच सांगितली नाही. काळजी घेऊनही विषबाधा झालीच, तर दवाखान्यात पोचल्यावर काय बोलायचं आणि कागदावर काय लिहिलं गेलं पाहिजे, ही ती गोष्ट. ती न सांगितल्याची माझी चूक मला एका बाईने दाखवून दिली. आजचा लेख त्यासाठीच आहे.

२०२३ सालच्या भादव्यातली गोष्ट. अडीच एकराचा एक शेतकरी, वय चाळिशीच्या आत-बाहेर. सकाळपासून वावरात पॉवर पंपाने फवारणी चालू होती. पाऊस उघडलेला, उकाडा मरणाचा, पऱ्हाटी छातीला लागलेली. दुपारी तो बांधावर येऊन बसला, ओकाऱ्या झाल्या, डोळ्यांना अंधुक दिसू लागलं. शेजारच्या वावरातल्या पोराने त्याला मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. पोरगं एकवीस-बावीस वर्षांचं, घाबरलेलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘काय झालं?’’ पोरगं बोलून गेलं, ‘‘औषध घेतलं जी यानं.’’

बस्स. एवढा एकच शब्द. केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं गेलं की रुग्णाने कीटकनाशक प्राशन केलं. पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथल्या कागदावर तेच उतरलं. तिसऱ्या दिवशी माणूस गेला. पोलिसांच्या कागदात, शवविच्छेदनाच्या कागदात, सगळीकडे तोच शब्द चालत राहिला. अपघाताच्या अनुदानाचा अर्ज गेला तेव्हा शेरा आला: प्राशन केल्याची नोंद आहे, अपघात असल्याचा खुलासा करावा.

ती बाई फाईल घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली. म्हणाली, ‘‘सायेब, ते पाठीवर पंप घेऊन वावरात उभे होते. मरायचं असतं तर कोणी पंप भरून अर्धं वावर फवारत बसते का?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या बोलीत ‘औषध घेतलं’ म्हणजे विष प्यायलं, हे आपल्याला कळतं आणि डॉक्टरांनाही कळतं. त्या पोराला म्हणायचं होतं ‘औषध लागलं’, ‘फवारताना अंगावर गेलं’. घाईत जीभ घसरली, आणि एका शब्दाने अपघाताची आत्महत्या झाली.

शब्दाचा क्रमांक कसा होतो

आता हे नीट समजून घेऊ. आजार, जखम आणि मरणाची कारणं यांची एक जगभर चालणारी यादी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ही यादी. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. आपल्याकडच्या दवाखान्यांच्या विमा अर्जांवर ‘आयसीडी-१०’ असं लिहिलेलं असतं, ती हीच. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आहे, पण अर्जांवर अजून दहावीचंच नाव दिसतं. या यादीत प्रत्येक आजाराला इंग्रजी अक्षर आणि आकडा असा एक क्रमांक असतो. सातबाऱ्यावर जसा गट नंबर, तसा हा दुखण्याचा नंबर समजा.

अपघाताच्या बाबतीत एक क्रमांक पुरत नाही, दोन लागतात, हे इथे ध्यानात ठेवायचं. पहिला क्रमांक शरीराला काय झालं ते सांगतो, दुसरा ते कशामुळे झालं ते सांगतो. नुसतं ‘पाय मोडला’ म्हणून भागत नाही. झाडावरून पडून मोडला, बैलाने मारलं म्हणून मोडला की ट्रॅक्टरखाली आला, हे दुसऱ्या क्रमांकात येतं. भरपाई मिळणार की नाही हे बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीवरच ठरतं.

फवारणीचंच घ्या. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस अशा ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाची बाधा झाली तर पहिला क्रमांक टी-६०.०. इथपर्यंत वाद नाही. दुसऱ्या क्रमांकाला तीन वाटा फुटतात. कीटकनाशकाची बाधा अपघाताने झाली तर एक्स-४८. स्वतःहून घेतलं तर एक्स-६८. अपघात की हेतुपुरस्सर, हे ठरवता येत नाही असं लिहिलं गेलं तर वाय-१८. विष एक, लक्षणं एक, उपचारही तेच. पण एक्स-४८ म्हणजे अपघात, एक्स-६८ म्हणजे आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, आणि वाय-१८ म्हणजे मधेच लोंबकळत राहिलेली फाईल.

या क्रमांकाला टिंब देऊन पुढे आणखी एक आकडा जोडता येतो, तो घटनेच्या जागेचा. ० म्हणजे घर, ४ म्हणजे रस्ता, ७ म्हणजे शेत. म्हणजे एक्स-४८.७ एवढं जरी लिहिलं, तरी ‘कीटकनाशकाची अपघाती बाधा, शेतात’ अशी पूर्ण हकीकत त्यात येते. गंमत अशी की शेतकऱ्याचं राहतं घर आणि त्याचं अंगण या ७ मध्ये मोडत नाही. म्हणून घटना वावरात झाली की घरी, हेही स्पष्ट सांगावं लागतं.

तुम्ही म्हणाल, आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात असले क्रमांक कोण लिहितं? बरोबर आहे. पुष्कळ ठिकाणी केसपेपरवर नुसते शब्दच असतात. क्रमांक नंतर नोंदणी विभागातला माणूस किंवा विमा अर्ज भरणारा कारकून घालतो. त्याने ना तुमचं वावर पाहिलेलं असतं, ना पंप. समोरच्या कागदावरचा शब्द वाचून तो क्रमांक टाकतो. म्हणून शब्द बरोबर असला पाहिजे. पेरलं ते उगवणार.

सर्पदंश आणि ‘अज्ञात दंश’

दुसरी चूक सापाच्या बाबतीत होते. रात्री पाणी द्यायला गेलेल्या माणसाला पायाला काहीतरी डसलं. अंधारात साप दिसला नाही. दवाखान्यात विचारलं, काय चावलं? सोबतचा म्हणतो, ‘‘काय माहीत, दिसलं नाही.’’ कागदावर येतं ‘अज्ञात दंश’. विषारी सापाच्या दंशाला यादीत टी-६३.० आणि एक्स-२० असे स्पष्ट क्रमांक आहेत. विंचवाला टी-६३.२ आणि एक्स-२२ आहेत. पण ‘अज्ञात’ लिहिलं की क्रमांकही अज्ञाताचाच पडतो, आणि पुढे सर्पदंश सिद्ध करायला नाकी नऊ येतात.

साप दिसला नसेल तर दिसला असं खोटं सांगू नका. पण डॉक्टरांना खुणा कळतात. घोणस किंवा फुरसं चावलं तर रक्त गोठत नाही. त्यासाठी काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवून पाहतात. नाग किंवा मण्यार चावली तर पापण्या मिटू लागतात, श्वास जड होतो. असा विषाचा परिणाम दिसून सर्पदंशावरची लस दिली गेली असेल, तर ‘‘साहेब, आता सर्पदंश असं निदान कागदावर येऊ द्या’’ अशी विनंती करायला हरकत नाही. पहिल्या तासाला ‘अज्ञात’ लिहिलं असलं, तरी निदान पक्कं झाल्यावर ते सुटीच्या कागदावर दुरुस्त होऊन आलं पाहिजे. आणि साप मारून सोबत न्यायच्या नादात वेळ घालवू नका. लस मिळायला उशीर झाला तर कागदाचा काही उपयोग नाही.

याच ठिकाणी एक आडवळणाचा धोका आहे. अपघात अनुदानाच्या योजनेत जी कारणं बसत नाहीत, त्यांत ‘शरीरांतर्गत रक्तस्राव’ असंही एक कारण आहे. घोणशीच्या विषाने माणसाला आतून रक्तस्राव होतो. बैलगाडीवरून डोक्यावर पडलं तरी मेंदूत रक्तस्राव होतो. कागदावर नुसतं ‘मेंदूत रक्तस्राव’ एवढंच आलं आणि तो कशामुळे झाला हे आलंच नाही, तर वाचणारा त्याला आजार समजून बाजूला ठेवू शकतो. म्हणून ‘सर्पदंशामुळे’, ‘गाडीवरून पडल्यामुळे’ हा ‘मुळे’ कागदावर आलाच पाहिजे. विहिरीत पडणं, झाडावरून पडणं, मळणीयंत्रात हात जाणं, विजेच्या तारेला चिकटणं, अंगावर वीज कोसळणं, या प्रत्येकाला यादीत आपापली जागा आहे. कारणच लिहिलं नाही, तर ती जागा रिकामी राहते.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतं

ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला मिळाला की लोकांना वाटतं, काम झालं. तसं नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आहे. त्याच्या १७ व्या कलमानुसार जो उतारा आपल्याला मिळतो, त्यावर मरणाचं कारण दाखवता येत नाही. म्हणजे माणूस गेला एवढंच तो दाखला सांगतो, कशाने गेला ते सांगत नाही.

कारण असतं ते डॉक्टरांनी सही करून दिलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रात. दवाखान्यात मृत्यू झाला तर ते नमुना ४ मध्ये असतं. त्यात तात्काळ कारण, त्याच्या मागचं कारण आणि मुळातलं कारण अशा पायऱ्या असतात. मृत्यू नैसर्गिक, अपघाती, आत्महत्या, खून की तपास बाकी, असाही रकाना असतो. पुष्कळदा तिथे ‘हृदय व श्वास बंद पडल्याने’ एवढंच लिहिलेलं सापडतं. अहो, हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं! ते मरणाचं कारण नव्हे. कारण म्हणून मरणाची रीत लिहू नये, अशी सूचना त्या नमुन्यावरच छापलेली असते. या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. तिच्यानुसार दवाखाना सरकारी असो की खासगी, तिथे उपचारादरम्यान मृत्यू झाला तर कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाला मोफत द्यायचं आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. ही प्रत मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

विषबाधेत शवविच्छेदन होतं, व्हिसेरा प्रयोगशाळेत जातो, आणि अहवालावर ‘मत राखून ठेवले आहे’ असा शेरा येतो. घरचे लोक तो कागद जपून ठेवतात आणि समजतात की अहवाल मिळाला. तो अर्धाच अहवाल असतो. प्रयोगशाळेचा निष्कर्ष आला की डॉक्टर अंतिम मत देतात. त्यासाठी पोलीस ठाण्यात आणि दवाखान्यात पाठपुरावा करावा लागतो. आपोआप काही घरी येत नाही.

अर्जावरच्या चौकटी

कुणाकडे दवाखान्याचा विमा असेल, तर त्याचा दावा अर्ज दोन भागांत असतो. ‘अ’ भाग आपण भरायचा, ‘ब’ भाग दवाखान्याने भरायचा. ‘ब’ भागात आजाराचे क्रमांक घालायची जागा असते. दोन्ही भागांत ‘दुखापतीमुळे भरती झाली का, आणि कारण काय’ असा प्रश्न असतो. त्याखाली चौकटी किती, तर मोजक्याच: स्वतःहून केलेली इजा, रस्त्यावरचा अपघात, आणि नशा किंवा दारू. झालं! साप, वीज, विहीर, मळणीयंत्र, फवारणी यांपैकी कशालाच चौकट नाही. अर्ज तयार करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शहरातला माणूस असावा.

मग कारकून काय करतो? विषबाधा आहे म्हणून कधी पहिल्याच चौकटीत खूण करून मोकळा होतो. तसं होऊ देऊ नका. एकही चौकट लागू नसेल तर खूण करू नका. सोबत साध्या कागदावर ‘शेतात फवारणी करताना अपघाताने विषबाधा’ असं लिहून जोडा, आणि दवाखान्याच्या भागातही तसंच लिहून घ्या. पोलिसांना कळवलं का, कळवलं असेल तर क्रमांक काय, नसेल तर का नाही, असेही प्रश्न असतात. ते कोरे सोडू नका. आपल्या ‘अ’ भागातलं कारण आणि दवाखान्याच्या ‘ब’ भागातलं कारण एकच आहे, हे सही करण्याआधी शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. कोऱ्या अर्जावर अंगठा किंवा सही कधीच देऊ नका.

आता आपल्या हक्काच्या योजनांबद्दल. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून या नावाने सरकार स्वतः चालवतं, मधे विमा कंपनी नाही. आधी काही भरावं लागत नाही. खातेदार शेतकरी आणि खातेदार नसलेला त्याच्या घरातला एक जण, वय १० ते ७५. अपघाती मृत्यूला दोन लाख. दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तरी दोन लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, ३० दिवसांच्या आत. अहवाल यायचा आहे म्हणून अर्ज अडवून ठेवू नका. हाती असलेले कागद लावून मुदतीत द्या, पोच घ्या, अहवाल आला की जोडा.

बँकेतून वर्षाला २० रुपये कटणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयाच्या खातेदारांसाठी आहे. तिच्या नियमांत वाहनाचा अपघात, बुडणं यांसाठी पोलिसांत नोंद लागते. सर्पदंश, झाडावरून पडणं अशा घटनांत कारणाला दवाखान्यातल्या लगेचच्या नोंदीचा आधार लागतो. बघा, इथेही शेवटी दवाखान्यातला पहिला कागदच बोलतो.

पहिल्या तासात काय करावं

हे कात्रण कापून घरात लावून ठेवा.

१. सगळ्यात आधी माणूस दवाखान्यात पोचवा. कागद नंतर.

२. औषधाची बाटली किंवा पाकीट, लेबलसकट, सोबत न्या. डॉक्टरांना उपचार ठरवायला ती लागते, आणि पुढे तोच पुरावा होतो.

३. ‘औषध घेतलं’ हा शब्द तोंडातून काढू नका. ‘फवारताना औषध अंगावर गेलं’, ‘नाकातोंडात गेलं’ असं जे खरं असेल ते सांगा. कुठे, किती वाजता, काय करत असताना, हे तिन्ही सांगा.

४. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्यालाच बोलू द्या. त्याच्या तोंडची हकीकत सगळ्यात भक्कम.

५. अंगावरचे औषधाने भिजलेले कपडे काढून अंग धुवावं लागतं. ते कपडे फेकू नका, पिशवीत ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

६. ‘‘डॉक्टरसाहेब, कारण काय लिहिलं?’’ असं नम्रपणे विचारा. चुकलं असेल तर तिथेच सांगा.

७. विषबाधा, अपघात अशा प्रकरणांची दवाखाना पोलिसांना खबर देतो. त्या नोंदीचा क्रमांक लिहून ठेवा.

८. पंप, बादली, पेरा आहे तसा राहू द्या. पंचनामा झाल्यावर हलवा.

गावच्या कारभाऱ्यांना दोन शब्द

पोलीस पाटील, सरपंच, तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, आशाताई, आणि आमच्या खात्याचे सहकारी, तुम्हालाही सांगणं आहे. पंचनामा हा शेतकऱ्याचा शेवटचा साक्षीदार असतो. ‘विषारी औषधाने मृत्यू’ असं मोघम लिहू नका. किती वावर फवारलं होतं, पंप कुठे पडला होता, टाकीत किती औषध उरलं होतं, वाऱ्याची दिशा काय, सोबत कोण होतं, हे लिहा. दवाखान्याच्या कागदावरची वेळ आणि पंचनाम्यातली वेळ जुळली पाहिजे. सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल, तर त्याच वेळी लक्षात आणून द्या. सहा महिन्यांनी त्रुटी काढून फाईल परत पाठवणं सोपं असतं. ज्याच्या घरातला कर्ता गेला, त्याला ते सोपं नसतं.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पऱ्हाटीवर फवारणी करताना वीसहून जास्त माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष होतं म्हणून फवारणीच्या विषबाधेला नाव मिळालं. एरवी एकटादुकटा कुणी पडतो तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. तेव्हा तुमचे चार ओळींचे शब्दच त्याचं खरं सांगणार असतात.

खोटं लिहून घेऊ नका

एक गोष्ट कडू आहे, पण सांगितली पाहिजे. खरोखर कुणी जिवाला कंटाळून विष घेतलं असेल, तर ‘अपघात लिहा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. त्याने दोन गोष्टी बिघडतात. डॉक्टरांना पोटात किती विष गेलं हे कळत नाही आणि उपचार चुकतात. दुसरं, असा एक खोटा दावा पकडला गेला, की पुढच्या दहा खऱ्या दाव्यांकडे संशयाने पाहिलं जातं. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबासाठी मदतीची वेगळी योजना आहे, तिची चौकशी तहसील कचेरीत होते. जे खरं आहे ते त्याच्या जागी मांडा. आपलं म्हणणं एवढंच, की अपघाताला अपघात लिहिलं गेलं पाहिजे.

चुकलं असेल तर

चुकीचं लिहिलं गेलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. डॉक्टर जुनी नोंद खोडत नाहीत, खोडूही नये. पण तारीख घालून, सही करून खुलासा लिहून देऊ शकतात. त्यासाठी दवाखान्याच्या वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आधी स्वतःच्या कागदांची प्रत मागा. डॉक्टरांच्या व्यवसायाची २००२ ची नियमावली सांगते, की भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि मागणी झाली तर ७२ तासांत द्यायच्या. सोबत कृषी केंद्राची पक्की पावती, शेजाऱ्यांचे जबाब आणि पंचनामा जोडा.

त्या बाईच्या फाईलचं शेवटी असंच झालं. पंचनाम्यात एक ओळ होती: अर्धा भरलेला पंप तासात आडवा पडलेला मिळाला. त्या एका ओळीने फाईल वाचवली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खुलासा दिला, की कपडे आणि अंग औषधाने भिजलेलं होतं. त्या पोराने येऊन जबाब दिला, आणि जबाब देताना ते ढसाढसा रडलं. प्रकरण मंजूर झालं. पण तोवर वर्ष उलटून गेलं होतं, आणि बैलजोडी बाजारात गेली होती. पैसे मिळाले, पेरणी मात्र तिने दुसऱ्याच्या बैलांनी केली.

सरकारला आणि दवाखान्यांना विनंती

चूक त्या पोराची होती असं मी म्हणणार नाही. ज्या माणसाच्या मांडीवर शेजारी ओकतो आहे, त्याच्याकडून शब्द तोलून बोलण्याची अपेक्षा कशी करायची? डॉक्टरांवरही मी खापर फोडणार नाही. रांग लागलेली असते, आणि रुग्ण वाचवणं हे त्यांचं पहिलं काम. पण एक प्रश्न जास्तीचा विचारायला किती वेळ लागतो? ‘प्यायलं की फवारताना लागलं?’ एवढाच तो प्रश्न. ग्रामीण रुग्णालयांच्या केसपेपरवर हंगामापुरता एवढ्या एका प्रश्नाचा शिक्का मारला, तरी किती घरं वाचतील. विमा अर्जांवर शेतातल्या अपघातांच्या चौकटी छापाव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, कृषी केंद्राच्या काउंटरवर, दूध डेअरीत वरच्या आठ सूचना मराठीत लावाव्यात. याला फारसा पैसा लागत नाही.

आणि आमच्या खात्यानेही आपल्या पाढ्यात एक ओळ वाढवावी. मी या हंगामापासून वाढवली आहे. फवारणीच्या सभेत मास्क आणि हातमोज्यांचं सांगून झालं की विचारतो, ‘‘समजा लागलंच, तर दवाखान्यात काय सांगाल?’’ पहिल्यांदा चार-पाच जण हमखास म्हणतात, ‘‘औषध घेतलं.’’ मग मी त्यांना ही गोष्ट सांगतो.

तुम्हीही सांगा. घरी सांगा, गड्याला सांगा, शेजारच्या पोराला सांगा. कारण प्रसंग आला तर तुम्हाला दवाखान्यात नेणारा बहुतेक तोच असेल.